घरचीं यंत्रें : व्यायामाच्या सायकलची सांखळी

गृहस्थाच्या घरांत येणाऱ्या यंत्रांचें नशीब निरनिराळें असतें. शिवणाचें यंत्र येतें, तें घरच्या बायकांच्या हाताखालीं दोन-दोन पिढ्या निमूटपणें चालतें. विजेचा मिक्सर येतो, तो रोज सकाळीं सगळें घर जागें करितो. परंतु व्यायामाची सायकल येते ती मोठ्या उत्साहानें येते, आणि वर्ष उलटण्यापूर्वीच टॉवेल, पंचे व मुलांचे गणवेश वाळत घालण्याची एक महाग घडवंची होऊन बसते. ही थट्टा आमच्या वाचकांनीं आपापल्या घरीं अनेकदां ऐकिली असेल, कदाचित् केलीही असेल. परंतु तींत थोडा अन्याय आहे. सायकल अडगळींत पडते ती दर वेळीं माणसाच्या आळसामुळेंच पडते असें नाहीं. पुष्कळदां ती आधीं कुरकुरूं लागते, मग पाय मारतांना मध्येंच हिसका देऊं लागते, आणि एके दिवशीं खट्कन आवाज होऊन पायडलें पोकळ फिरूं लागतात. घरांत त्या आवाजाचा अर्थ कोणालाच ठाऊक नसतो. दुरुस्तीला माणूस सहसा मिळत नाहीं, आणि मिळाला तर "आतां नवीच घ्या" असा सल्ला देऊन जातो. अशा रीतीनें एका सांखळीपायीं सबंध धडधाकट यंत्र भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढतें.

ह्यांत पैशाचें नुकसान आहेच. पण आमच्या मतें तें दुय्यम होय. ही सायकल घरांत वापरतें कोण, हें पाहावें. तरुण मंडळी बाहेर फिरावयास जातात, खेळावयास जातात. घरच्या सायकलवर खरा आधार असतो तो आजोबांचा, ज्यांना हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनीं रोज अमुक मिनिटें पाय चालविण्यास सांगितलें आहे. किंवा गुडघ्यांच्या शस्त्रक्रियेतून उठलेल्या काकूंचा, ज्यांना पावसाळ्यांत निसरड्या रस्त्यावर पाऊल टाकण्याची भीति वाटते. किंवा मधुमेह जडलेल्या घरच्या कर्त्या बाईचा, जिला दिवसाकांठीं घराबाहेर पडण्यास अर्धा तासही सांपडत नाहीं. त्यांच्या दृष्टीनें ही सायकल म्हणजे औषधच आहे. औषधाची बाटली संपली तर त्याच संध्याकाळीं कोणी तरी ती आणावयास धांवतो. सायकल बंद पडली तर मात्र "बघूं पुढच्या रविवारीं" असें म्हटलें जातें, आणि असे चार रविवार गेले म्हणजे वृद्ध माणूस आपण होऊन म्हणतें, "राहूं द्या, मला तरी आतां काय करावयाचें आहे!" तुटलेली सांखळी जोडतां येते, तुटलेली संवय वृद्धापकाळीं पुन्हा जोडणें फार अवघड असतें. म्हणून ह्या महिन्यांत आम्ही ह्या सांखळीचाच विचार करणार आहों.

प्रथम ही वस्तु आली कोठून तें थोडक्यांत पाहूं. आपण जिला चेन म्हणतों ती रूळ असलेली सांखळी हान्स रेनॉल्ड नांवाच्या, मूळ स्वित्झर्लंडच्या पण मँचेस्टर येथें कारखाना काढलेल्या यंत्रज्ञानें १८८० सालीं सिद्ध केली. पांचच वर्षांनीं, १८८५ सालीं, इंग्लंडांतील कॉव्हेंट्री येथें जॉन केंप स्टार्ली ह्यांनीं सांखळीनें मागचें चाक फिरविणारी 'रोव्हर' सायकल बाहेर काढली, आणि आजची सायकल जन्मास आली. महाराष्ट्राच्या उद्योगाच्या इतिहासांतही ह्या दोन चाकांना मानाची जागा आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या उद्योगाचा आरंभ १८८८ सालीं बेळगांवांत सायकलींच्या दुकानानें झाला. लोखंडी नांगर आणि १९१० सालची किर्लोस्करवाडी हीं पुढचीं पावलें होत. जागच्या जागीं चालणारी सायकलही वाटते तितकी अलीकडची नव्हे. १९१२ सालीं बुडालेल्या टायटॅनिक जहाजावरील व्यायामशाळेंत तशा सायकली होत्या. पुढें नोबेल पारितोषिक मिळविलेले डेन्मार्कचे शरीरशास्त्रज्ञ ऑगस्ट क्रोग ह्यांनीं तर स्नायूंच्या श्रमांचें मोजमाप करण्यासाठीं चुंबकाच्या रोधावर चालणारी सायकल तयार करून १९१३ सालीं तिचें वर्णन प्रसिद्ध केलें. आजच्या पुष्कळ घरगुती सायकलींत चाकाला रोध देणारें चुंबक असतें, त्याचें तत्त्व हेंच. सारांश, ज्या वस्तूकडे आपण चैनीचें खेळणें म्हणून पाहतों ती शंभरांहून अधिक वर्षांच्या विचारांतून आलेली आहे, आणि तिचा कणा अजूनही तीच १८८० सालची सांखळी आहे.

सांखळी कशी बनते हें समजल्यावांचून ती कां बिघडते हें समजणार नाहीं. तिच्या कड्या दोन प्रकारच्या असतात. आंतल्या कडींत दोन पट्ट्या दोन पोकळ पुंगळ्यांनीं जोडलेल्या असतात, व प्रत्येक पुंगळीवर एक लहानसा रूळ मोकळा फिरत असतो. बाहेरच्या कडींत दोन पट्ट्या दोन पिनांनीं जोडलेल्या असतात, आणि त्या पिना शेजारच्या आंतल्या कड्यांच्या पुंगळ्यांतून गेलेल्या असतात. आंतली, बाहेरची, आंतली, बाहेरची, असा हा क्रम सबंध सांखळीभर चालतो. एका पिनेच्या मध्यापासून दुसऱ्या पिनेच्या मध्यापर्यंतचें अंतर सायकलच्या सांखळींत अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर असतें.

"सांखळी ताणली गेली" असें आपण म्हणतों. वास्तविक पोलादी पट्ट्या माणसाच्या पायाच्या जोरानें ताणल्या जात नाहींत. झिजतात त्या पिना आणि पुंगळ्या. दांत्यावर चढतांना व उतरतांना प्रत्येक कडी थोडी वळते. त्या वळण्यांत पिन पुंगळींत घांसते. धूळ व वाळलेलें तेल ह्यांची त्यांत खळ होते, आणि ती खळ कानशीचें काम करिते. प्रत्येक सांध्यांत केंसाएवढी फट वाढते. अशा शंभर सांध्यांच्या शंभर फटी एकत्र झाल्या म्हणजे सांखळी लांब होते. घरांतील खर्चाचेंही असेंच असतें; एकही रक्कम मोठी दिसत नाहीं, पण महिनाअखेरीस बेरीज मात्र मोठी होते.

घरांत बसून वापरावयाच्या सायकलवर रस्त्याची धूळ येत नाहीं, तेव्हां तिची सांखळी झिजण्याचें कारण काय, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर घाम हें होय. रस्त्यावर वाऱ्यानें वाळणारा घाम येथें थेंबाथेंबानें खालीं गळतो; त्यांत मीठ असतें, आणि मिठानें पोलाद गंजतें. कोंकणांतील व मुंबईची दमट हवा त्यांत भर घालते. त्याशिवाय वापरांतला खंडही बाधक होतो. चार महिने जागीं उभी राहिलेली सांखळी सांध्यांत धरते, आणि मग कोणी एकदम जोर लावला म्हणजे ती आखडलेली कडी दांत्यावरून नीट न वळतां उसळी मारिते.

आतां प्रत्यक्ष कामाकडे वळूं. पहिला प्रश्न असा कीं, आपल्या सायकलला सांखळी आहे तरी काय? हल्लीं पुष्कळ यंत्रांत सांखळीऐवजीं रबरी पट्टा असतो. पट्ट्याचें यंत्र जवळजवळ निःशब्द चालतें. सांखळीच्या यंत्रांत बारीक खळखळ ऐकूं येते. खात्री करावयाची तर आवरणाच्या एखाद्या फटींतून विजेरीच्या उजेडांत पाहावें. पट्टा असेल तर ह्या लेखांतील मापें त्याला लागू पडणार नाहींत. यंत्र हमीच्या मुदतींत असेल तर तें उघडण्यापूर्वीं विकणाऱ्यास कळवावें, नाहीं तर हमी हातची जावयाची. आणि सांगाड्याच्या जोडाला भेग दिसत असेल, पायडलाचा दांडा वांकलेला असेल किंवा मोठें चाक डुगडुगत असेल, तर तेथें घरगुती कौशल्य दाखवूं नये; जाणत्या माणसासच बोलवावें.

सांखळी बदलण्याची वेळ आली कीं नाहीं हें मोजून ठरवितां येतें. त्यास एक साधी पोलादी पट्टी पुरे. सांखळीचा ताठ भाग निवडून एका पिनेच्या मध्यावर पट्टीचें शून्य ठेवावें आणि चोवीस सांधे मोजावेत. नव्या सांखळींत चोविसाव्या पिनेचा मध्य बरोबर १२ इंचांवर, म्हणजे ३०४.८ मिलिमीटरवर येतो. तो इंचाच्या सोळाव्या भागानें पुढें, म्हणजे सुमारें ३०६.४ मिलिमीटरवर गेला असेल, तर सांखळी बदलावी. इंचाच्या आठव्या भागानें, म्हणजे ३०८ मिलिमीटरपर्यंत गेला असेल, तर उशीर झाला. तशा सांखळीनें दांतेही झिजविले असण्याचा बराच संभव आहे. तुटलेल्या सांखळीला अर्थातच मोजण्याची गरज नाहीं. मात्र ती तुटलेल्या कडीपुरती जोडून पुन्हा चालवावी, हा मोह टाळावा. एक कडी तुटते तेव्हां बाकीच्या कड्याही तिच्याच वयाच्या असतात.

नवी सांखळी आणतांना तीन गोष्टी सांभाळाव्या. सांध्याचें अंतर अर्धा इंच असतेंच, पण आंतली रुंदी दोन प्रकारची मिळते. एकच दांत्याचें चाक असलेल्या साध्या सायकलींना बहुधा इंचाच्या आठव्या भागाची रुंद सांखळी लागते. गिअरच्या सायकलींची सांखळी त्याहून अरुंद असते. अरुंद सांखळी जाड दांत्यांवर बसतच नाहीं. म्हणून जुन्या सांखळीचा तुकडा बरोबर घेऊनच दुकानांत जावें. दुसरी गोष्ट लांबीची, आणि येथेंच बहुतेकांची फसगत होते. जुनी व नवी सांखळी खिळ्याला शेजारीं शेजारीं टांगून जुनीएवढी नवी तोडूं नये. शंभर सांध्यांची सांखळी शेंकडा एक इतकी झिजली असेल, तर ती पुरत्या एका सांध्यानें लांब झालेली असते. तिच्या मापानें तोडलेली नवी सांखळी तितकीच चुकणार. म्हणून लांबी न मोजतां सांधे मोजावेत, आणि ते दोघांनीं वेगवेगळे मोजून ताडून पाहावेत. तिसरी गोष्ट, ही संख्या सम असते; कारण आंतली व बाहेरची कडी एकाआड एक येते आणि शेवटीं दोन भिन्न टोंकेंच एकमेकांस जुळतात. मोजणी विषम आली तर पुन्हा मोजावें. सांखळीबरोबर तिचें 'चेन लॉक', म्हणजे दोन टोंकें जोडणारी सुटी कडी, मागून घेण्यास विसरूं नये. जुन्या सायकलच्या दुकानांत ह्या सर्व वस्तु सहज मिळतात, आणि एकंदर यंत्राच्या किंमतीपुढें सांखळीची किंमत अगदींच अल्प असते.

हत्यारें म्हणाल तर दोन-तीन मापांचे पाने, पेचकस, पक्कड, एलन कीचा संच, जुनीं फडकीं आणि खालीं अंथरण्यास वर्तमानपत्रें, एवढ्यावर भागतें. लॉक नसलेल्या जुन्या सांखळीसाठीं पिन ढकलण्याचें लहानसें हत्यार, ज्याला सायकलवाले चेन कटर म्हणतात, तें लागेल. आणि कांहीं यंत्रांत पायडलाचा दांडा काढण्याचें खास ओढणें लागतें. हीं दोन हत्यारें नसतील तर हातोडीनें ठोकाठोक करूं नये. कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडून तेवढें काम करून घेण्यांत कमीपणा कसला?

परंतु पाना हातीं घेण्यापूर्वीं एक गोष्ट आम्हीं वाचकांच्या मनावर बिंबवूं इच्छितों, कारण ह्या साऱ्या लेखांत तिच्याइतकें महत्त्वाचें दुसरें कांहीं नाहीं. व्यायामाच्या पुष्कळ सायकलींत जड चाक पायडलांशीं कायमचें जखडलेलें असतें. पाय काढून घेतले तरी तें वजनदार चाक आपल्या वेगानें फिरत राहतें, आणि सांखळीही त्याच्याबरोबर धांवत राहते. सांखळी आणि दांते ह्यांच्या बेचक्यांत बोट गेलें तर तें मागें घेण्यास वेळच मिळत नाहीं. घरच्या व्यायाम-सायकलमध्यें बोटें सांपडून लहान मुलांचीं बोटें तुटल्याचीं उदाहरणें हाताच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनीं वैद्यकीय नियतकालिकांतून नोंदविलीं आहेत. फिरणारें चाक पाहून त्याला हात लावावासा वाटणें हा बालस्वभाव आहे, आणि एकत्र कुटुंबांत एक तरी रांगतें मूल असतेंच. म्हणून आवरण काढलेली सायकल क्षणभरही एकटी सोडूं नये. काम अर्धवट टाकून जेवावयास उठावें लागलें तर आवरण दोन स्क्रूंवर तरी बसवावें, किंवा खोलीला कडी लावावी.

दुसरा धोका मोठ्या माणसांचा. आपल्याकडे कोणतेंही काम निघालें कीं मदतीला चौघे जमतात, ही एकत्र कुटुंबाची श्रीमंती आहे. पण सांखळीच्या कामांत तीच घातक ठरते. एकाचीं बोटें सांखळीवर आहेत आणि दुसरा उत्साहानें म्हणतो, "थांबा, मी जरा पायडल फिरवितों!" अपघात होतात ते नेमके ह्याच क्षणीं. ह्यास्तव नियम असा ठेवावा कीं, ज्याचीं बोटें सांखळीजवळ, त्यानेंच चाक फिरवावें. इतरांनीं विजेरी धरावी, स्क्रू सांभाळावेत आणि हात मागें ठेवावेत. रोध वाढविण्याची मूठ शेवटपर्यंत आवळून ठेवावी, म्हणजे चाक आपण होऊन फिरणार नाहीं. विजेवर चालणारें यंत्र असेल तर त्याचा प्लग काढून ठेवावा. अंगठ्या, लांब बाह्या, ओढणी वा पदर आवरून घ्यावा.

आतां आवरण काढावें. प्रत्येक स्क्रू कोठून निघाला तें मोबाईलनें टिपून ठेवावें, आणि स्क्रू क्रमानें वाटींत ठेवावेत. कारण त्यांच्या लांब्या अनेकदां निरनिराळ्या असतात आणि लांब स्क्रू चुकीच्या भोंकांत गेला तर आंतील तार चिरडतो. कांहीं आवरणें दोन फांकांचीं असून तशींच सुटतात. कांहींसाठीं पायडल व दांडा काढावा लागतो. पायडल सोडवितांना लक्षांत ठेवावें कीं, उजव्या पायडलाचे आटे नेहमींप्रमाणें असतात, पण डाव्या पायडलाचे उलटे असतात. तें उलट दिशेस फिरविलें तरच सुटतें. हें ठाऊक नसलेला बलवान् पुरुष डावें पायडल सोडविण्याच्या नादांत तें अधिकच आवळीत जातो. येथें शक्तीपेक्षां माहितीच अधिक उपयोगी पडते.

आवरण निघाल्यावर मोठ्या चाकाच्या आंसाचे नट दोन्ही बाजूंनीं थोडे सैल करावेत आणि सांखळी ताणणारे स्क्रू ढिले करून चाक सांखळीच्या बाजूस सरकवावें. जुनी सांखळी लॉकपाशीं सोडवावी. ती एकदम ओढून काढण्यापूर्वीं तिचा मार्ग नीट पाहून ठेवावा. नंतर दोन्ही दांतेचक्रें रॉकेलच्या फडक्यानें पुसून तपासावींत. हें काम उघड्या खिडकीपाशीं व देवघरांतील समई आणि स्वयंपाकघरांतील शेगडी ह्यांपासून दूर करावें. चांगल्या दांत्याच्या दोन्ही बाजू सारख्या उतरत्या असतात. दांते एका अंगाला झुकलेले, आंकड्यासारखे अणकुचीदार झालेले दिसले तर तें चक्रही बदलावें. झिजक्या दांत्यांवर नवी सांखळी घातली तर ती जोर लावतांच उसळते. आणि उसळलेल्या सांखळीमुळें पायाखालचा आधार अकस्मात् सुटून वृद्ध माणूस सायकलवरून पडूं शकतें. येथें काटकसर करूं नये.

नवी सांखळी प्रथम दोन्ही चक्रांवर बसवावी व तिचीं टोंकें एका चक्राच्या दांत्यांवर आणून जोडावींत, म्हणजे दांतेच तीं धरून ठेवितात. लॉकच्या दोन पिना आंतल्या बाजूनें घालून वर पट्टी ठेवावी आणि तिच्यावर माशाच्या आकाराची चिमटी सरकवावी. ह्या चिमटीचें एक टोंक बंद व दुसरें उघडें असतें. सांखळी ज्या दिशेनें धांवते त्या दिशेकडे बंद टोंक असावें. उलट बसविली तर धांवत्या सांखळीला कोठें काहीं घांसलें असतां चिमटी निसटून जाते.

शेवटचें काम ताणाचें. बाहेरच्या सायकलचें मागचें चाक सांखळीनें ओढलें जातें, म्हणून तिच्या सांखळीचा वरचा पदर ताठ व खालचा सैल असतो. घरच्या सायकलचें जड चाक पुष्कळदां पुढच्या बाजूस असतें. तेथें हें उलटें होतें. पुढें पाय मारतांना खालचा पदर ताठ होतो आणि ढिलाई वरच्या पदरांत दिसते. तेव्हां आपल्या यंत्राचें चाक कोठें आहे हें पाहून सैल पदराच्या मध्यावर बोटानें वरखालीं करून पाहावें. एकंदर हालचाल सुमारें अर्धा इंच, म्हणजे १२-१३ मिलिमीटर असावी. यंत्राबरोबर आलेल्या पुस्तिकेंत निराळें माप असेल तर तें प्रमाण मानावें. दांतेचक्र क्वचितच अगदीं वर्तुळाकार बसलेलें असतें, म्हणून पायडल थोडें थोडें फिरवून चार-पांच जागीं पाहावें, आणि जेथें सांखळी सर्वांत ताठ होते तेथें हें माप धरावें. ताणाचे स्क्रू दोन्ही बाजूंनीं सारखे फिरवावेत. एक बाजू अधिक ओढली तर चाक तिरपें होतें आणि सांखळी उतरूं लागते. "घट्ट तितकें चांगलें" हा समज येथें चुकीचा आहे. फाजील ताणलेली सांखळी बेअरिंगांचे छर्रे खाते, स्वतः लवकर झिजते आणि पायाला जड लागते.

आंसाचे नट आवळल्यावर तेल घालावें. प्रत्येक रुळावर एक एक थेंब सोडावा, हातानें पायडल हळू फिरवून तें आंत मुरूं द्यावें, आणि थोड्या वेळानें बाहेरचें तेल कोरड्या फडक्यानें पुसून टाकावें. सांखळीला तेल हवें असतें तें सांध्यांत. वर राहिलेलें तेल केवळ धूळ गोळा करितें. घर्षणानें रोध देणाऱ्या सायकलींत ब्रेकची गादी असते, तिच्यावर थेंबही उडूं देऊं नये. येथें एक इशारा अवश्य द्यावयास हवा. आपल्या घरांत तेल म्हटलें कीं हात प्रथम खोबरेलाच्या बाटलीकडे किंवा गोडेतेलाच्या बुधल्याकडे जातो. खोबरेल थंडींत थिजतें, आणि खाण्याचीं तेलें हवेनें चिकट होऊन सांध्यांत डिंकासारखीं बसतात. सायकलच्या सांखळीचें तेल आणावें; तें नसेल तर शिवणयंत्राचें पातळ तेल तात्पुरतें चालेल, पण तें लवकर संपतें म्हणून पुन्हा पुन्हा घालावें लागतें. मग आवरण पुरतें बसवावें, आणि त्यानंतरच कोणी तरी आसनावर बसून कमी रोधावर पांच मिनिटें चालवून पाहावें. आवरण उघडें ठेवून पाय मारून पाहण्याचा मोह कोणासही होऊं देऊं नये.

आतां एक प्रश्न उरतो, आणि तो यंत्राचा नसून घराचा आहे. सर्वांची वस्तु कोणाचीच नसते. वर्तमानपत्र सर्वांचें असतें तेव्हां तें सांपडत नाहीं. सायकल सर्वांची असते तेव्हां तिच्याकडे कोणी पाहत नाहीं. म्हणून प्रत्येक घरांत ह्या यंत्राचा एक पालक नेमावा. तो पुरुषच असावा असें मुळींच नाहीं. शिवणयंत्राला तेल देणें, त्याचा वादी-दोरा बदलणें, हीं कामें आपल्या आज्या व आया आजवर करीत आल्या आहेत. त्याच नजरेला व त्याच बोटांना सांखळीचे सांधे अधिक लवकर कळतील. घरांतील शाळकरी मुलामुलींना ह्या कामांत जवळ बसवावें. ज्यानें एकदां चोवीस सांधे मोजून पट्टीवर वाचले, त्याला झीज म्हणजे काय हें भौतिकशास्त्राच्या पुस्तकांतून निराळें शिकवावें लागत नाहीं. शिकलेल्या घरांतून हाताला काळें लावून घेण्याची जी अढी अजून शिल्लक आहे, ती अशाच लहान कामांनीं जाईल, व्याख्यानांनीं जाणार नाहीं.

देखरेखीसाठीं नवे दिवसही शोधावयास नकोत. खंडेनवमीला आपण घरचीं हत्यारें व यंत्रें पुसून त्यांना हळदकुंकू व फूल वाहतों. दसऱ्याला वाहनांना झेंडूची माळ घालतों. त्या दिवशीं व्यायामाच्या सायकललाही मान द्यावा, पण माळ घालण्यापूर्वीं आवरण काढून सांखळी मोजावी आणि मोजलेलें माप आवरणाच्या आंतल्या बाजूस तारखेसह लिहून ठेवावें. दुसऱ्यांदा ज्येष्ठांत, पाऊस सुरू होण्याच्या सुमारास, तेल द्यावें. कारण बाहेरचें फिरणें बंद होऊन सायकलवर खरा भार पडतो तो त्यापुढच्या चार महिन्यांत. एरवीं रोजचें काम एवढेंच कीं, व्यायाम झाल्यावर ज्याचा घाम त्यानेंच पुसावा. एवढें केलें तर एकदां बसविलेली सांखळी पुष्कळ वर्षें तक्रार करणार नाहीं, आणि आजोबांना "बघूं पुढच्या रविवारीं" हें उत्तर ऐकण्याची पाळी येणार नाहीं.